सर्वांत मागचा दिवा

नवरात्र संपले की आमच्याकडे दरवर्षी कोणी ना कोणी एखादी वही घेऊन येतो. कधी कवितांची असते, कधी नाटुकल्याची. गल्लीतल्या मंडळाचा किंवा एखाद्या सोसायटीचा अंक निघायचा असतो आणि ‘मामा, एकदा नजर घाला’ एवढीच मागणी असते. नजर घातल्यावर मी जे बोलतो ते कोणालाच आवडत नाही. पण पुढल्या वर्षी वही पुन्हा येतेच. यंदा ती माझ्या धाकट्या भाच्याने आणली. वरती मोठ्या अक्षरांत लिहिले होते, ‘हिवाळ्यातील स्पिती : नऊ जण, नऊ मोटारसायकली’.

गेल्या हिवाळ्यात ही मंडळी शिमल्याहून निघाली, नारकंडा, रामपूर, रेकाँग पिओ, नाको, ताबो अशा वाटेने काझापर्यंत गेली आणि त्याच वाटेने परतली. मनालीकडून जाणारी वाट कुंझुम खिंडीतून जाते आणि ती खिंड हिवाळ्यात बर्फाने बंद असते. म्हणून किन्नौरमधून सतलज नि मग स्पिती नदीच्या कडेकडेने चढणारा हा एकच रस्ता उरतो. काझा साडेतीन हजार मीटरांहून उंच. रात्री पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरू शकतो. दिवसा झऱ्याचे पाणी रस्त्यावर येते, संध्याकाळी गोठते, आणि त्याचा काचेसारखा पातळ थर डांबरावर बसतो. तो डोळ्यांना दिसत नाही, चाकाला मात्र कळतो. अशा रस्त्यावर नऊ पोरे गाड्या घेऊन गेली आणि धडधाकट परत आली. बहिणीने देवाला नारळ फोडला, तो योग्यच होता.

वही मात्र मला आवडली नाही. बत्तीस पानांत किलोमीटर होते, उंचीचे आकडे होते, तापमान होते. टाकीत किती पेट्रोल भरले तेही होते. आणि पानोपानी ‘मी’ होता. मी वळण घेतले, मी घसरता घसरता सावरलो, मला हिमालयाने साद घातली. नऊ जण गेले होते, पण वहीत एकच जण काझ्याला पोहोचला होता. बाकीचे आठ फक्त छायाचित्रांत, हेल्मेटे काखेत धरून.

भाच्याला मी तसे सांगितले. तो म्हणाला, ‘‘मामा, गाडी तर प्रत्येक जण एकटाच चालवतो ना?’’

प्रश्न वाजवी होता. त्याचे उत्तर देता देता या प्रकारच्या लेखनाविषयी जे मनात आले ते येथे मांडतो आहे. फराळाच्या ताटाशेजारी मोटारसायकलची चर्चा कोणाला विसंगत वाटली तर वाटो. आज घरटी एक तरी मुलगा किंवा मुलगी असल्या सफरीची स्वप्ने पाहते, आणि त्यांच्या आयाबापांनाही हे वाचायला हरकत नाही.

घोडेस्वाराला निदान घोडा असतो. तो श्वास घेतो, दमतो, कान टवकारतो. आगगाडीत समोर माणूस असतो. मोटारसायकलवर बसलेल्या माणसाच्या कानांत वारा आणि इंजिन यांखेरीज काही शिरत नाही. तासन् तास तो स्वतःशीच बोलत राहतो. तेव्हा त्याच्या लेखनात ‘मी’ फार यावा हे स्वाभाविक आहे. पण थंडी आली की हे चित्र पालटते. हवा पाच अंश असली आणि गाडीचा वेग ताशी साठ किलोमीटर असला, तर उघड्या कातडीला ती उणे दोन अंशांसारखी झोंबते. आधी बोटांची टोके जातात, मग बोटे, मग ब्रेक दाबावा हे मनात आल्यापासून तो दाबला जाईपर्यंतचा वेळ लांबू लागतो. अशा वेळी शहाणा स्वार थांबतो. एक थांबला की सगळे थांबतात. शेकोटी पेटते, चहा येतो, कोणाचे हातमोजे कोणाच्या हातांत जातात. उन्हाळ्यातल्या सफरीची गोष्ट एखाद वेळी रस्त्यावर घडत असेल. थंडीतल्या सफरीची गोष्ट थांब्यावर घडते. ज्याला थांबा लिहिता आला त्याला सफर लिहिता आली, अशी माझी कसोटी आहे. ती वापरून तीन पुस्तके पाहू.

पहिले टी. ई. लॉरेन्सचे ‘द मिंट’. अरबांच्या बंडामुळे जगभर गाजलेल्या या माणसाने पुढे नाव बदलून विमानदलात साधा शिपाई म्हणून नोकरी धरली. त्या बराकीतल्या आयुष्याचे हे पुस्तक. त्याची स्वच्छ प्रत त्याने १९२८ साली कराचीच्या छावणीत असताना पुरी केली. कराची तेव्हा आपल्या मुंबई इलाख्यातच होती, याचे मराठी वाचकाला थोडे कौतुक वाटायला हरकत नाही. पुस्तक सर्वांच्या हाती पडले ते त्याच्या मृत्यूनंतर, १९५५ साली. त्यात रस्त्यावरचे एक प्रकरण आहे. लॉरेन्स आपली ब्रफ सुपीरियर मोटारसायकल घेऊन लिंकनशायरच्या सरळ रस्त्यांवर सुटतो आणि वर उडणाऱ्या विमानाशी शर्यत लावतो. मोटारसायकलविषयी जेथे जेथे लिहिले जाते तेथे या शर्यतीचा उल्लेख येतो. वेगाची नशा शब्दांत उतरवावी तर अशी, हे कबूल.

पण प्रकरण तेथे संपत नाही, याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. शर्यत झाल्यावर हा गडी बाजारहाट करीत हिंडतो. एका गावी डुकराचे खारवलेले मांस, दुसऱ्या गावी सॉसेजेस, वाटेतल्या शेतावर पंधरा अंडी, आणि ती फुटू नयेत म्हणून आत मऊ कापड लावलेली पेटी. शंभर मैलांची रपेट, आणि पिशव्यांत बराकीतल्या सोबत्यांचे रात्रीचे खाणे. अंधार पडल्यावर तो परततो तेव्हा चूल निखाऱ्यावर आलेली असते, सोबती धुराच्या निळ्या पडद्याआड गप्पा छाटीत त्याची वाट पाहत असतात आणि तो दारातून शिरताना किंचित झोकांडतो. कोणी तरी थट्टा करतो. माझ्या मते त्या प्रकरणाचा कळस हाच आहे. विमानाशी झालेली शर्यत कितीही चित्तथरारक असली तरी ती एकट्याची होती. तिला अर्थ आला तो त्या निखाऱ्यांमुळे. एकटा स्वारसुद्धा चांगला लेखक असला की वाट पाहणाऱ्यांना विसरत नाही.

लॉरेन्सचा शेवट सर्वांना ठाऊक आहे. १९३५ च्या मे महिन्यात सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना तो पडला आणि सहा दिवसांनी गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचा मेंदूचा शल्यविशारद होता. मोटारसायकलवरून पडून होणाऱ्या डोक्याच्या दुखापतींचा त्याने पुढे अभ्यास केला आणि १९४१ पासून शिरस्त्राणाच्या उपयोगावर निबंध प्रसिद्ध केले. आज आपली मुले डोक्यावर जे चढवून घराबाहेर पडतात, त्याच्या पाठीमागे हीही एक हकीकत आहे.

दुसरे पुस्तक रॉबर्ट पर्सिगचे, ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’. १२१ प्रकाशकांनी नाकारलेले आणि १९७४ साली निघाल्यावर लाखोंनी खपलेले. पर्सिगने १९६८ च्या जुलैत अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातून पश्चिम किनाऱ्यापर्यंत मोटारसायकलने प्रवास केला, त्यावर ते आधारलेले आहे. दोन गाड्या, चार माणसे. एका गाडीवर जॉन आणि सिल्व्हिया हे जोडपे; दुसरीवर निवेदक आणि मागे त्याचा अकरा वर्षांचा मुलगा, ख्रिस. निवेदक वाटभर तत्त्वज्ञान सांगतो, गुणवत्ता म्हणजे काय याचा काथ्याकूट करतो. त्यावर विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. मी त्यात पडत नाही.

मला दिसते ती त्या गाड्यांवरची माणसे. जॉनच्या गाडीचे हँडल सैल होते. निवेदक म्हणतो, बिअरच्या डब्याचा पत्रा कापून पाचर मारू, उत्तम बसेल. जॉनला ते अपमानास्पद वाटते. एवढ्या महागड्या गाडीला डब्याचा पत्रा! लहानसा प्रसंग, पण दोन मित्रांमधली फट त्यातून अशी दिसते की पुढल्या शंभर पानांच्या विवेचनाने ती तितकी दिसत नाही. जोडपे बोझमन गावाहून माघारी वळते आणि बापलेक पुढे निघतात. आता हवेतल्या थंडीपेक्षा अधिक थंडी त्या दोघांमध्ये आहे. बाप बोलतो ते वाचकाशी. मुलाशी तो तुटक. मुलाचे पोट दुखते, तो चिडतो, रडतो, आणि गाडी चालत राहते.

पुस्तकाच्या अखेरीस मुलगा पायट्यांवर उभा राहतो आणि त्याला बापाच्या खांद्यावरून पलीकडचे दिसते. इतके दिवस त्याच्यापुढे फक्त बापाची पाठ होती! देशाचा निम्मा विस्तार ओलांडला, डोंगर पाहिले, वाळवंट पाहिले, पण कोणी? पुढे बसलेल्याने. हा एक क्षण लिहिला नसता तर ते पुस्तक तत्त्वज्ञानाची टिपणवही ठरले असते असे मला वाटते. ख्रिसचा पुढे १९७९ साली सॅन फ्रान्सिस्कोत खून झाला, आणि १९८४ च्या आवृत्तीला बापाने त्याविषयी उत्तरलेख जोडला. तो वाचल्यावर मागे वळून पुस्तक पुन्हा वाचावेसे वाटते, आणि त्या वेळी मागच्या आसनावरचा मुलगा पहिल्यापेक्षा स्पष्ट दिसतो.

तिसरे पुस्तक अलीकडचे. इवान मॅकग्रेगर आणि चार्ली बूरमन हे दोन नट १४ एप्रिल २००४ रोजी लंडनहून मोटारसायकलींवर निघाले आणि युरोप, कझाकस्तान, मंगोलिया, सायबेरिया, अलास्का करीत २९ जुलैला न्यूयॉर्कला पोहोचले. ‘लाँग वे राउंड’ या नावाने त्याची चित्रमालिका झाली, पुस्तकही झाले. आमच्या भाच्याच्या पिढीतल्या पुष्कळांना गाडीवर बसवले ते या मालिकेने. पुस्तकावर नावे त्या दोघांची. पण गाड्या तीन होत्या! तिसरीवर क्लॉडिओ फॉन प्लांटा हा स्विस छायाचित्रकार होता. दोघे नदीतून पलीकडे जात, तेव्हा हा आधीच पलीकडे जाऊन चित्रण करी. दोघे चिखलात पडत, तेव्हा हा यंत्र खाली ठेवून गाडी उचलायला धावे, आणि मग स्वतःची गाडी एकट्याने काढी. मंगोलियात त्याची गाडी नादुरुस्त होऊन मालमोटारीवर चढली, तेव्हा त्याने तेथेच मिळणारी रशियन बनावटीची एक हलकी तांबडी गाडी घेतली आणि चिखलात ती त्या दोघांच्या अवजड गाड्यांपेक्षा सुखाने चालली. हा भाग मी दोनदा वाचला. येथे दोन्ही लेखक स्वतःला विसरून तिसऱ्याकडे पाहतात, आणि तेवढ्यापुरते पुस्तक उंच होते. एरवी ते घरची आठवण आणि स्वतःची दमणूक यांत रमते. वाईट नाही, पण ज्याने सगळे पाहिले त्याच्या डोळ्यांनी आपण क्वचितच पाहतो, ही उणीव राहते.

आता कोणी म्हणेल, ही टीका करणाऱ्याची लहर आहे. मोटारसायकल म्हणजे स्वातंत्र्य, आणि स्वातंत्र्य म्हणजे एकटेपण. तसे असते तर जर्मनीतला ‘हत्तींचा मेळा’ भरलाच नसता. १९५६ च्या हिवाळ्यात एर्न्स्ट लेव्हरकुस नावाच्या मोटारसायकल-पत्रकाराच्या पुढाकाराने श्टुटगार्टजवळ काही स्वार जमले. बहुतेकांकडे झुंडाप कंपनीची जोडगाडी लावलेली दणकट मोटारसायकल होती. तिला लोक हिरवा हत्ती म्हणत, त्यावरून मेळ्याला हे नाव पडले. १९८९ पासून तो बव्हेरियाच्या अरण्यप्रदेशातल्या एका दरीत भरू लागला. ऐन हिवाळ्यात माणसे शेकडो मैल बर्फातून येतात, पेंढा पसरून त्यावर तंबू ठोकतात, शेकोटीवर भांडे ठेवतात आणि परत जातात. शर्यत नाही आणि पहिला-दुसरा नंबरही नाही. थंडीतून यायचे आणि थंडीत एकत्र बसायचे, एवढ्यासाठी हा खटाटोप. लॉरेन्सच्या बराकीतले निखारे नि या दरीतल्या शेकोट्या मला एकाच कुळातल्या वाटतात.

आपल्या भाषेतही हे नवे नाही. गोडसे भटजी १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत गेले ते काकांबरोबर. त्यांचा ‘माझा प्रवास’ वाचताना काकांची काळजी आपल्यालाही लागते. पु. ल. देशपांड्यांची ‘अपूर्वाई’ १९६० साली निघाली आणि मराठी घराघरांत वाचली गेली. तिच्यातल्या विनोदाला उभयतांच्या सहवासाची ऊब आहे, हे एक कारण असावे. नावात ‘माझा’ असूनही सोबत्याला जागा देता येते, हे त्या भटजींनी मोटारसायकल जन्मण्यापूर्वीच्या प्रवासातून दाखवून दिले.

येथवर मी दुसऱ्यांची मापे काढली. आता स्वतःचे सांगणे भाग आहे. कारण ही कसोटी मी पुस्तकांतून शिकलेलो नाही.

१९७८ च्या जानेवारीत आम्ही पाच मित्र पुण्याहून पहाटे चारला महाबळेश्वरला निघालो. पाच मोटारसायकली. कानांना मफलर, छातीशी सदऱ्याच्या आत वर्तमानपत्राची जाड घडी. वारा अडवायला तेव्हा याहून चांगले चिलखत आम्हांला ठाऊक नव्हते. मी सर्वांच्या पुढे. सर्वांत मागे आमचा एक मित्र, अबोल, अंगाने किरकोळ. त्याच्या पिशवीत पान्हे, पक्कड, जादा प्लग आणि तारा असत, म्हणून तो मागे. कात्रजचा घाट उतरल्यापासून मी आरशात त्याचा दिवा पाहत होतो. तो दिसला की सगळे आले हे समजे. मोजावे लागत नसे.

खंबाटकीच्या घाटात माझ्या क्लचची तार तुटली. बाकीचे तिघे बिड्या शिलगावून हात चोळीत उभे राहिले. त्याने आपली गाडी माझ्या गाडीच्या तोंडाशी आणून तिचा उजेड पाडला, हातमोजे काढून मला दिले आणि उघड्या बोटांनी नवी तार ओवली. तार बारीक, बोटे बधिर, तीनदा निसटली. अर्धा तास लागला. मग वाई, पसरणीचा घाट, पाचगणी, आणि सूर्य वर यायच्या सुमारास वेण्णा तलाव. गवतावरचे दव गोठून पांढरे झाले होते. ते मी जन्मात प्रथमच पाहत होतो.

परतल्यावर मी लेख लिहिला. एका साप्ताहिकाने छापला, लोकांनी वाखाणला. गोठलेल्या दवावर मी दोन परिच्छेद खर्ची घातले होते. माझ्या एकाकी मनाचे आणि त्या शुभ्र गवताचे नाते वगैरे. मित्राने तो वाचला, घडी घालून परत दिला आणि हसून म्हणाला, ‘‘छान लिहिलेस. पण काय रे, मी आलो नव्हतो का?’’

त्यात राग नव्हता. असता तर मी वाद घातला असता. मी काही तरी थातुरमातुर बोललो आणि विषय बदलला. पुढे पुष्कळ वर्षे आमची मैत्री होती, पण त्या प्रश्नाचे उत्तर मी दिले नाही. सहा वर्षांपूर्वी तो गेला. गोठलेल्या दवाविषयी मी काय लिहिले होते ते आज मला आठवत नाही; तार ओवणारी ती बोटे आठवतात. ज्याच्या हातमोज्यांमुळे माझी बोटे लिहिण्याजोगी राहिली, त्यालाच मी लेखातून वगळले होते. दुसऱ्यांच्या वह्या तपासताना मी जो कठोर होतो, त्याचे मूळ या एका लेखात आहे.

भाच्याला मी हे सारे सांगितले नाही. आता छापून आल्यावर तो वाचील. मी फक्त वही पुन्हा चाळली. ताबोच्या अलीकडच्या पानावर तीन ओळी खोडलेल्या होत्या. उजेडाकडे धरून वाचल्या. एका मुलीच्या हाताची बोटे वळेनात, म्हणून सगळे एका घराशी थांबले. घरातल्या आजीबाईंनी तिला चुलीपाशी बसवले आणि तिचे हात आपल्या हातांत धरले. दीड तास कोणी निघू या म्हणाले नाही.

‘‘हे का खोडलेस?’’

‘‘त्यात काहीच घडले नाही, मामा. नुसते बसलो होतो. शिवाय त्या दिवशीचे किलोमीटर कमी भरले.’’

‘‘त्या दिवशी सर्वांच्या मागे कोण होता?’’

त्याने नाव सांगितले. मग आपण होऊन सांगू लागला. मागे राहणाऱ्याला ही मुले ‘स्वीप’ म्हणतात. त्या दिवशी त्यानेच पहिल्यांदा ओळखले की तिची गाडी सरळ चालत नाही, आणि दिवा तीनदा उघडझाप करून पुढच्यांना थांबवले. मला पुढचे विचारावेच लागले नाही. अर्धा तास तो बोलत होता आणि त्यात ‘मी’ दोनदाच आला.

वही मी त्याला परत दिली आणि म्हटले, बत्तीस पाने राहू देत बाजूला; या तीन ओळींपासून लिही. तो लिहितो आहे. अंक निघायला आठ दिवस आहेत. आकाशकंदील लावायला आला तेव्हा विचारीत होता, त्या आजीबाईंच्या चुलीत काय जळत होते ते लिहिले तर चालेल का? मी म्हटले, आठवत असेल तर जरूर लिही. त्याने लगेच खिशातून फोन काढला आणि त्या मागच्या गड्याला विचारले.